हंसराज अहिर

हंसराज गंगाराम अहिर (जन्म : ११ नोव्हेंबर १९५४, नांदेड) हे महाराष्ट्रातील राजकारणी असून भारतीय जनता पक्षाचे नेते आहेत. १९९४ ते १९९६ या काळात ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य होते. त्यानंतर १९९६, २००४, २००९ आणि २०१४ अशा चार सार्वत्रिक निवडणुकांत ते चंद्रपूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. नोव्हेंबर २०१४ ते जुलै २०१६ या काळात त्यांनी केंद्रीय रसायने व खते राज्यमंत्री म्हणून आणि जुलै २०१६ ते मे २०१९ या काळात केंद्रीय गृह राज्यमंत्री म्हणून काम पाहिले. २ डिसेंबर २०२२ रोजी त्यांनी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या अध्यक्षपदाची सूत्रे स्वीकारली.

देशपातळीवर अहिर यांचे नाव प्रामुख्याने कोळसा खाणपट्ट्यांच्या वाटपाच्या प्रकरणाशी जोडले जाते. विरोधी पक्षातील खासदार व कोळसा-पोलाद विषयक संसदीय स्थायी समितीचे सदस्य या नात्याने त्यांनी या वाटपावर सातत्याने प्रश्न उपस्थित केले. २०१२ मध्ये त्यांनी व प्रकाश जावडेकर यांनी केलेल्या तक्रारीवरून केंद्रीय दक्षता आयोगाने हे प्रकरण चौकशीसाठी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविले.

मतदारसंघाची पार्श्वभूमी

चंद्रपूर जिल्हा पूर्वी चांदा या नावाने ओळखला जात असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी या जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. दोन्ही जिल्हे वनसंपदेने समृद्ध असले, तरी त्यांची आर्थिक घडण सारखी नाही. गडचिरोलीत जंगल, धानशेती आणि आदिवासी वस्ती यांचे प्राबल्य आहे, तर चंद्रपुरात जंगलाच्या जोडीला कोळसा, वीज, सिमेंट व कागद हे उद्योग उभे राहिले आहेत. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळशाचा पट्टा चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती, वरोरा, राजुरा आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी या भागांत पसरलेला आहे. वरोरा येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच कोळसा काढला जाऊ लागला होता. आज या पट्ट्यातील बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. स्थानिक लोक या कंपनीला ‘वेकोलि’ म्हणतात. चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे असून ते राज्यातील मोठ्या वीज केंद्रांपैकी एक आहे.

या उद्योगांमुळे रोजगार आला, त्याबरोबर धूळ, राख आणि विस्थापनही आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, तेव्हा ४३ अतिप्रदूषित क्षेत्रांत चंद्रपूरचा समावेश झाला. खाणींसाठी जाणारी जमीन, तिचा मोबदला, नोकऱ्या आणि प्रदूषण हे या मतदारसंघाच्या राजकारणातील कायमचे विषय आहेत.

या मतदारसंघाने अनेकदा प्रस्थापित पक्षांना बाजूला सारून वेगळा कौल दिला आहे. १९६२ मध्ये लाल श्यामशाह व १९६७ मध्ये के. एम. कौशिक हे येथून अपक्ष म्हणून निवडून आले होते. १९७७ मध्ये अहेरीचे राजे विश्वेश्वरराव यांनी येथे विजय मिळविला. १९८० ते १९९६ या काळात मात्र काँग्रेसचे शांताराम पोटदुखे सलग चार लोकसभांत चंद्रपूरचे प्रतिनिधी होते.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर चंद्रपूर मतदारसंघात चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर व वरोरा आणि यवतमाळ जिल्ह्यातील वणी व आर्णी हे विधानसभा मतदारसंघ येतात. गडचिरोली, अहेरी, आरमोरी, ब्रह्मपुरी, चिमूर आणि गोंदिया जिल्ह्यातील आमगाव मिळून गडचिरोली-चिमूर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला मतदारसंघ तयार झाला.

विधान परिषद व पहिली लोकसभा निवडणूक

शेती व व्यवसाय करणारे अहिर भारतीय जनता पक्षाच्या माध्यमातून जिल्ह्याच्या राजकारणात पुढे आले. १९९४ मध्ये ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य झाले. विधान परिषद हे ७८ सदस्यांचे स्थायी सभागृह असून सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. अहिर यांचा तेथील कार्यकाळ मात्र दोन वर्षांचाच ठरला. राज्यघटनेनुसार कोणालाही एकाच वेळी संसद व राज्य विधिमंडळ या दोहोंचे सदस्य राहता येत नाही. १९९६ मध्ये लोकसभेवर निवड झाल्यामुळे त्यांचे विधान परिषदेतील पर्व संपले.

१९९६ च्या निवडणुकीत चंद्रपूरची जागा काँग्रेसच्या हातून गेली आणि अहिर अकराव्या लोकसभेत पोहोचले. ही लोकसभा अल्पायुषी ठरली. दीड वर्षाच्या आसपासच्या काळात अटलबिहारी वाजपेयी, एच. डी. देवेगौडा आणि इंद्रकुमार गुजराल असे तीन पंतप्रधान झाले आणि डिसेंबर १९९७ मध्ये ती विसर्जित झाली. पुढे १९९८ व १९९९ अशा लागोपाठच्या दोन्ही निवडणुकांत काँग्रेसचे नरेश पुगलिया येथून विजयी झाले. १९९९ मध्ये केंद्रात भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखालील आघाडीची सत्ता स्थिर झाली, परंतु चंद्रपूर त्या पक्षाकडे नव्हते.

२००४ मध्ये नेमके उलटे घडले. देशात सत्तांतर होऊन संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार आले, तर चंद्रपुरात अहिर विजयी झाले. २००९ मध्येही त्यांनी पुगलिया यांचा पराभव करून जागा राखली. त्या निवडणुकीत शेतकरी संघटनेचे नेते व राजुऱ्याचे माजी आमदार वामनराव चटप यांनीही लक्षणीय मते घेतली. अशा रीतीने २००४ ते २०१४ ही दहा वर्षे अहिर लोकसभेत विरोधी बाकांवर होते. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचे काम याच काळातील आहे. पंधराव्या लोकसभेतील कामगिरीबद्दल त्यांना संसदरत्न पुरस्कार मिळाला.

कोळसा खाणपट्टे वाटप प्रकरण

वाटपाची पद्धत

भारतातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७२-७३ मध्ये झाले. १९७३ च्या कायद्याने कोळसा काढण्याचा अधिकार मुख्यतः सरकारी कंपन्यांकडे आला. पुढे या कायद्यात दुरुस्त्या होऊन, स्वतःच्या कारखान्यासाठी लागणारा कोळसा स्वतः काढण्याची मुभा आधी लोह-पोलाद उद्योगाला, १९९३ मध्ये वीजनिर्मितीला आणि १९९६ मध्ये सिमेंट उद्योगाला मिळाली. अशा खाणपट्ट्यांना उद्योगजगतात ‘कॅप्टिव्ह कोल ब्लॉक’ म्हणतात. कोणता खाणपट्टा कोणाला द्यावा याची शिफारस केंद्रीय कोळसा सचिवांच्या अध्यक्षतेखालील छाननी समिती करीत असे. लिलाव होत नसे. त्यामुळे जमिनीखालील कोट्यवधी टन कोळसा कोणत्या निकषावर कोणाच्या हाती जातो, हे बाहेरच्याला कळणे अवघड होते.

हा प्रश्न चंद्रपूरला अगदी जवळचा होता. भद्रावती तालुक्यातील बरांज येथील खाणपट्टे २००३ मध्ये कर्नाटकातील सरकारी वीज कंपनीला देण्यात आले होते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पालगतच्या लोहारा भागातील खाणपट्ट्यांवरून जिल्ह्यात मोठा वाद झाला. ज्या गावांखाली कोळसा आहे त्या गावांना जमीन सोडावी लागणार होती, मात्र त्या कोळशाची किंमत कोण ठरविते याविषयी त्यांना काहीच सांगण्यात येत नव्हते.

समितीतील काम व पाठपुरावा

संसदेचे पुष्कळसे काम सभागृहाबाहेर, विभागवार स्थायी समित्यांमध्ये चालते. या समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सदस्य असतात. मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या, विधेयके व वार्षिक अहवाल त्यांच्यापुढे येतात आणि अधिकाऱ्यांना समितीसमोर उत्तरे द्यावी लागतात. बैठका बंद दाराआड होत असल्याने त्यांना प्रसिद्धी कमी मिळते, परंतु चिकाटीने कागदपत्रे वाचणाऱ्या सदस्याला तेथे बरीच माहिती मिळू शकते. कोळसा व पोलाद समितीचे सदस्य असलेल्या अहिर यांनी या माहितीचा उपयोग केला. खाणपट्टे मिळूनही उत्पादन सुरू न करणाऱ्या कंपन्या, लिलावाचा अभाव आणि सरकारी तिजोरीचे नुकसान हे मुद्दे त्यांनी संसदेत मांडले, तसेच सरकार व संबंधित यंत्रणांकडे पत्रव्यवहारही केला.

२०१२ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे ‘कॅग’च्या, मसुदा अहवालातील माहिती प्रसिद्ध झाली आणि विषय राष्ट्रीय पटलावर आला. त्याच सुमारास अहिर व जावडेकर यांनी केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार केली. मे २०१२ च्या अखेरीस आयोगाने ती केंद्रीय अन्वेषण विभागाकडे पाठविली व त्या विभागाने प्राथमिक चौकशी सुरू केली. १७ ऑगस्ट २०१२ रोजी संसदेत सादर झालेल्या कॅगच्या अंतिम अहवालात, लिलाव न केल्यामुळे खासगी कंपन्यांना सुमारे १.८६ लाख कोटी रुपयांचा लाभ झाल्याचा अंदाज देण्यात आला. सरकारने हा हिशेब अमान्य केला आणि तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २७ ऑगस्ट रोजी संसदेत निवेदन करून अहवालातील निष्कर्षांचे खंडन केले. पावसाळी अधिवेशनाचे बरेचसे कामकाज या गदारोळात वाया गेले. दरम्यान, १९९३ ते २००४ या काळातील वाटपाचीही चौकशी व्हावी, अशी मागणी काँग्रेसच्या काही खासदारांनी केली व तोही काळ चौकशीच्या कक्षेत आला.

एप्रिल २०१३ मध्ये कोळसा व पोलाद स्थायी समितीने आपला अहवाल संसदेत मांडला. कल्याण बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने १९९३ ते २००८ या काळातील वाटप अनधिकृत पद्धतीने झाल्याचे म्हटले आणि जेथे उत्पादन सुरू झालेले नाही ते खाणपट्टे रद्द करण्याची शिफारस केली.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

ज्येष्ठ वकील मनोहरलाल शर्मा व ‘कॉमन कॉज’ ही संस्था यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश आर. एम. लोढा, न्या. मदन लोकूर व न्या. कुरियन जोसेफ यांच्या खंडपीठाने १९९३ पासून छाननी समितीमार्फत झालेले वाटप मनमानी व बेकायदेशीर ठरविले. २४ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने २१८ पैकी २१४ खाणपट्टे रद्द झाले. त्यांपैकी उत्पादन सुरू असलेल्या वा सुरू होण्याच्या बेतात असलेल्या ४२ खाणपट्ट्यांना ३१ मार्च २०१५ पर्यंत मुदत देण्यात आली आणि काढलेल्या कोळशावर प्रतिटन २९५ रुपयांची अतिरिक्त आकारणी बसविण्यात आली. पुढे २०१५ च्या विशेष कायद्याने लिलावाची पद्धत रूढ झाली.

या निकालाची व्याप्ती लक्षात घेण्याजोगी आहे. तो कोणत्याही एका सरकारपुरता मर्यादित नव्हता. काँग्रेस, संयुक्त आघाडी व भारतीय जनता पक्ष अशा वेगवेगळ्या नेतृत्वाखालील केंद्र सरकारांच्या काळातील वाटप त्यात सदोष ठरले. म्हणजेच, ज्या पद्धतीवर अहिर यांनी विरोधी बाकांवरून बोट ठेवले, ती त्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या सत्ताकाळातही चालू होती.

भूसंपादन व प्रकल्पग्रस्त

कोळशासाठी जमीन घेण्याचा कायदा इतर भूसंपादनाहून वेगळा आहे. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्रे कायद्यानुसार केंद्र सरकार आधी शोधकार्याची, नंतर संपादनाच्या हेतूची आणि शेवटी प्रत्यक्ष संपादनाची अधिसूचना काढते. या शेवटच्या अधिसूचनेनंतर जमीन केंद्र सरकारकडे जाते. शेतकऱ्याला हरकत घेता येते, परंतु ती ऐकली जाण्याचा टप्पा थोडक्या दिवसांचा असतो. मोबदला ठरण्यास आणि नोकरी मिळण्यास अनेकदा वर्षे लागतात. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असे सूत्र आहे. त्यामुळे कमी जमीन असलेल्या कुटुंबांना आपले तुकडे एकत्र करून एका नावावर नोकरी मागावी लागते आणि त्यातून भाऊबंदकीचे तंटेही उद्भवतात.

वेकोलिच्या संपादनात कोरडवाहू व ओलिताच्या जमिनीला मिळणारा दर आणि प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्या हे विषय अहिर यांनी खासदार म्हणून सातत्याने हाताळले. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी २०१५ पासून कोळशासाठीच्या संपादनालाही लागू झाल्या. तोपर्यंत हा मोबदला मुख्यतः वाटाघाटी व स्थानिक आंदोलने यांच्या बळावरच वाढत होता.

केंद्रीय राज्यमंत्री

२०१४ च्या निवडणुकीत अहिर यांनी काँग्रेसचे संजय देवतळे यांचा सुमारे २ लाख ३६ हजार मतांनी पराभव केला. आम आदमी पक्षाकडून लढलेले वामनराव चटप तिसऱ्या क्रमांकावर राहिले. ९ नोव्हेंबर २०१४ रोजी अहिर यांचा केंद्रीय मंत्रिमंडळात समावेश झाला आणि अनंतकुमार यांच्याकडील रसायने व खते मंत्रालयात ते राज्यमंत्री झाले. याच काळात देशात तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाचे आवरण देणे सक्तीचे करण्यात आले. अनुदानित युरिया कारखान्यांकडे वळविला जाऊ नये, हा त्यामागील एक हेतू होता. स्वस्त जेनेरिक औषधांची जनऔषधी योजना याच मंत्रालयाच्या औषधनिर्माण विभागाकडे होती.

५ जुलै २०१६ च्या फेरबदलात ते गृह राज्यमंत्री झाले. राजनाथ सिंह गृहमंत्री होते. गृह मंत्रालयाच्या कामात डाव्या अतिरेकी कारवायांचा प्रश्न येतो आणि महाराष्ट्रात त्याचे केंद्र गडचिरोली होते. एप्रिल २०१८ मध्ये गृह मंत्रालयाने नक्षलग्रस्त जिल्ह्यांची यादी १२६ वरून ९० वर आणली. सर्वाधिक बाधित ३० जिल्ह्यांच्या वेगळ्या यादीत गडचिरोली कायम राहिले. त्याच महिन्यात भामरागड तालुक्यातील बोरिया-कसनासूर व अहेरी तालुक्यातील राजाराम खांदला येथील चकमकींत मिळून ४० माओवादी मारले गेल्याचे पोलिसांनी जाहीर केले. वर्षभराने, १ मे २०१९ रोजी, कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान व त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले.

मंत्रिपदाच्या काळात अहिर यांचे एक विधान वादग्रस्त ठरले. डिसेंबर २०१७ मध्ये चंद्रपूरच्या शासकीय रुग्णालयातील जेनेरिक औषध दुकानाच्या उद्घाटनाला वरिष्ठ डॉक्टर गैरहजर होते. त्यावर संताप व्यक्त करताना त्यांनी नक्षलवादाचा व गोळ्यांचा उल्लेख केला. वैद्यकीय क्षेत्रातून व विरोधी पक्षांकडून त्यावर टीका झाली.

२०१९ ची निवडणूक

२०१९ मध्ये वरोऱ्याचे शिवसेनेचे आमदार सुरेश उर्फ बाळू धानोरकर यांनी पक्ष सोडून काँग्रेसची उमेदवारी घेतली. त्यांनी अहिर यांचा सुमारे ४५ हजार मतांनी पराभव केला. त्या निवडणुकीत काँग्रेसला महाराष्ट्रात मिळालेली ही एकमेव जागा होती. राज्यभर भारतीय जनता पक्ष व शिवसेना यांच्या युतीला मोठे यश मिळत असताना विद्यमान गृह राज्यमंत्र्यांचा पराभव झाल्याने या निकालाची बरीच चर्चा झाली.

धानोरकर यांचे ३० मे २०२३ रोजी निधन झाले. २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाने अहिर यांच्याऐवजी सुधीर मुनगंटीवार यांना उमेदवारी दिली. काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर यांनी त्यांचा सुमारे २ लाख ६० हजार मतांनी पराभव केला.

राष्ट्रीय मागासवर्ग आयोग

राष्ट्रीय मागासवर्ग आयोग १९९३ मध्ये कायद्याने स्थापन झाला. २०१८ च्या १०२ व्या घटनादुरुस्तीने त्याला अनुच्छेद ३३८-ब नुसार घटनात्मक दर्जा मिळाला. तक्रारींची चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात. डिसेंबर २०२२ मध्ये अहिर त्याचे अध्यक्ष झाले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाला १९ टक्के आरक्षण आहे, परंतु आदिवासी लोकसंख्येचे प्रमाण लक्षात घेऊन काही जिल्ह्यांतील वर्ग तीन व चारच्या पदांसाठी ते कमी ठेवण्यात आले होते. गडचिरोलीत ते ६ टक्के आणि चंद्रपुरात ११ टक्के होते. आदिवासींच्या हक्काला धक्का न लावता हे प्रमाण वाढवावे, अशी मागणी दोन्ही जिल्ह्यांत वर्षानुवर्षे होत राहिली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यात वाढ केली. हा निर्णय आयोगाचा नव्हता, तर राज्याचा होता. आयोगाचे काम केंद्रीय यादीशी संबंधित आहे. अहिर यांच्या कार्यकाळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आयोगाने महाराष्ट्रातील लोध-लोधी, भोयर-पवार, डांगरी आदी जाती-पोटजातींचा केंद्रीय यादीत समावेश करण्याची शिफारस केली. त्यांपैकी लोधी व भोयर-पवार या समाजांची वस्ती पूर्व विदर्भात मोठी आहे.

मूल्यमापन

अहिर यांच्या कारकिर्दीत मंत्रिपदाची साडेचार वर्षे आहेत, तरीही त्यांची ओळख राहिली ती त्याआधीच्या दहा वर्षांतील कामामुळे. विरोधी पक्षातील खासदाराच्या हाती निर्णयाचा अधिकार नसतो. त्याच्याजवळ असतात ते प्रश्न, समितीतील जागा आणि पत्रे. ही मर्यादित साधने पुरेशा चिकाटीने वापरली तर केंद्रीय धोरणातील दोष उघड्यावर आणता येतो, याचे उदाहरण म्हणून कोळसा प्रकरणातील त्यांच्या कामाकडे पाहिले जाते. त्याचबरोबर हेही खरे की, त्या प्रकरणाचा शेवट संसदेत झाला नाही. कॅग, दक्षता आयोग, अन्वेषण विभाग, याचिकाकर्ते आणि अखेरीस सर्वोच्च न्यायालय या सर्वांचा त्यात वाटा होता.

मतदारसंघातील हिशेब याहून वेगळा आहे. लिलावाने सरकारी तिजोरीत अधिक महसूल येऊ लागला, पण कोळशाखालून गाव उठविले जाण्याचा प्रश्न लिलावाने सुटत नाही. बरांजसारख्या गावांतील पुनर्वसनाचा वाद खाणपट्टा रद्द होऊन तो पुन्हा त्याच वीज कंपनीकडे गेल्यानंतरही चालू राहिला.

लोकसभा निवडणुका

१९९६ : विजयी
१९९८ : नरेश पुगलिया (काँग्रेस) विजयी
१९९९ : नरेश पुगलिया (काँग्रेस) विजयी
२००४ : विजयी
२००९ : विजयी
२०१४ : विजयी
२०१९ : पराभूत, बाळू धानोरकर (काँग्रेस) विजयी